भाजीच्या खणातले तेवीस डबे

टण्ण.

स्वयंपाकघरात स्टीलचं झाकण फरशीवर पडलं आणि बराच वेळ गोल गोल फिरत राहिलं. दुपारची पावणेदोनची वेळ. बाहेर चव्वेचाळीस अंशांचं ऊन, गल्लीत चिटपाखरू नाही. मिहू माझ्या मांडीला चिकटून झोपली होती. ती दचकली, एक हात हवेत उचलला आणि तसाच माझ्या पोटावर टाकून परत झोपली. मी हललेसुद्धा नाही. सलग दोन पाळ्या केल्यावर मिळालेली अर्ध्या दिवसाची सुट्टी होती ती, आणि पाच वर्षांच्या मुलीच्या झोपेतला तास म्हणजे सोनं.

"काही नाही गं, झाकण पडलं," आतून आत्याबाई म्हणाल्या.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या 'काही नाही' म्हणाल्या की काहीतरी असतं, एवढं सात वर्षांच्या संसारात मला कळलेलं आहे. पण उठायच्या आतच उशाचा फोन थरथरला. समदर्शीचा संदेश होता.

'विसंगती. हरणखेडे, प्रभाग सहा. फ्रीजचं दार दिवसाला सरासरी शेहेचाळीस वेळा उघडतं. सकाळी साडेसात ते आठ, संध्याकाळी साडेसात ते आठ. शीतपेयांची विक्री किंवा साठेबाजीचा संशय. दुपारी चारपर्यंत तपासणी न झाल्यास अखंड वीजपुरवठा रद्द.'

खाली मीटरचा क्रमांक. शेवटचे आकडे ४४१७.

असे दहा-पंधरा संदेश मला रोज येतात. तालुक्याच्या साधन कक्षात मी तपासनीस आहे. संदेशाखाली दोनच पर्याय असतात, 'घरगुती' आणि 'व्यापारी', आणि त्यातला एक मी निवडायचा. सवयीने बोट पुढे गेलं आणि थबकलं. आमच्या दाराजवळच्या मीटरवर मिहूने खडूने एक फूल काढलं आहे. येता-जाता ते पाहते मी. त्या फुलाखाली हेच आकडे होते.

लढाईला तिसरा महिना लागला होता. समुद्राचे मार्ग बंद होते, दोन मोठी वीजकेंद्रं जायबंदी झाली होती, औषधांचा कच्चा माल येत नव्हता. अशा वेळी काय करायचं याचा आराखडा राज्याने दोन वर्षं आधीच करून ठेवला होता आणि त्याच्या मधोमध समदर्शी होतं, सगळ्या मीटरांवर लक्ष ठेवून वीज वाटून देणारं संगणकी यंत्र.

त्यामागचं विज्ञान तसं सोपं आहे. प्रत्येक उपकरणाची वीज ओढायची स्वतःची एक ढब असते. मिक्सर हिसके देत ओढतो. पंखा एका लयीत ओढतो. फ्रीज सुरू होताना एक मोठा घोट घेतो, मग दहा-बारा मिनिटं संथ पितो, मग गप्प बसतो. नव्या मीटरमध्ये हा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा मोजला जातो. घरातल्या सगळ्या उपकरणांचा गलबला एकाच तारेतून येतो खरा, पण आईला जसं अंगणातल्या दहा मुलांच्या ओरड्यात आपलं मूल ऐकू येतं, तसं समदर्शीला त्यातून एकेक उपकरण वेगळं ऐकू येतं. फ्रीजचं दार उघडलं की आत इवलासा दिवा लागतो ना, तेवढा दिवासुद्धा त्याला दिसतो.

मग ते ठरवतं, कुठल्या घराला खरी किती वीज लागते. बहुतेकांना दिवसाचे सहा तास, आणि तेही एका मर्यादेत. अत्यावश्यक सेवेतल्या माणसांच्या घरी मात्र चोवीस तास. आमचं घर त्यातलं. मिहूचे बाबा वीजवाहिन्यांच्या दुरुस्ती पथकात, महिनाभर बाहेर. मी साधन कक्षात. गल्लीत दिवसभर पंखा फिरणारं घर एकच, आमचं.

आणि खोटं कशाला बोलू, मला समदर्शीचा अभिमान होता. वशिला नाही, रांगा नाहीत, मारामाऱ्या नाहीत. आराखड्याच्या चर्चेला तालुक्यांतून जी माणसं बोलावली होती, त्यांत मी होते. 'घराची गरज घराच्या मीटरवर दिसते,' हे वाक्य टिपणात मीच लिहिलं होतं. ते जसंच्या तसं आराखड्यात आलं, तेव्हा मी घरी पेढे आणले होते.

मिहूचा हात अलगद बाजूला करून मी स्वयंपाकघरात गेले.

आत्याबाई फ्रीजसमोर उकिडव्या बसल्या होत्या. भाजीचा खण अर्धा बाहेर. वर मेथीची जुडी, ओलं फडकं. आणि फडक्याखाली छोटे छोटे स्टीलचे डबे, एकाला एक खेटून. प्रत्येकाच्या गळ्यात दोरा. लाल, हिरवा, काळा, लोकरीचा, कुणाला तर चक्क साडीच्या फॉलची पट्टी.

फ्रीजचा खालचा खण हा आत्याबाईंचा प्रांत. मी दूध काढणार, मिहूचं दही काढणार. भाजीकडे माझा हात कधी गेलाच नाही.

"काय आहे हे?"

"इन्सुलिन," त्या म्हणाल्या. 'कोथिंबीर' म्हणावं तितक्या सहज.

"कुणाचं?"

"गल्लीचं."

मी खाली बसले. त्यांनी एक डबा उघडून दाखवला. आत कापसात दोन बाटल्या. "तेवीस जणांचं आहे. सहा तासांच्या विजेत कुणाचा फ्रीज गार राहतो, सांग? आधी माठ करून पाहिला. बाहेर ओली वाळू, आत माठ. पण पाणी येतं एक दिवसाआड, ते प्यायचं का वाळूवर ओतायचं? मग मीच म्हटलं, आपल्याकडे चोवीस तास लाईट आहे, आणा इकडे. त्यांनी आपले फ्रीज बंदच करून टाकले. उगाच वीज कशाला जाळायची, लढाई चालूये."

"आणि सकाळ-संध्याकाळ सगळे येतात? जेवणाआधी?"

"तू सातला जातेस, साडेआठला येतेस."

"आत्याबाई, मला सांगायचं ना!"

"तुला सांगितलं असतं तर तुला खोटं बोलावं लागलं असतं." त्यांनी डब्याला झाकण लावलं. "मला कुणी विचारलंच नाही. मग मी खोटं कुठं बोलले?"

मी फोन त्यांच्यासमोर धरला. चष्मा कपाळावरून खाली ओढून त्यांनी सगळा संदेश दोनदा वाचला.

"शीतपेय? माझ्या घरात?" त्यांना आधी तोच राग आला. मग म्हणाल्या, "चार वाजता बंद होणार म्हणजे हे सगळं..."

"हो."

"पुढचा साठा एक तारखेला येतो, वृंदा. आज अठरा. ती शेवटच्या घरातली गार्गी, नऊ वर्षांची आहे. मोठ्यांचं एकवेळ चार दिवस निभेल. तिचं एक दिवससुद्धा नाही."

"त्यांना म्हणावं, दोन-तीन घरांनी आपापले फ्रीज पुन्हा लावा, सहा तास तर सहा तास."

"लावला होता ना काल गार्गीच्या आईने. मीटरने सगळी लाईटच तोडली."

मला कळायला क्षणभर लागला. समदर्शीने पाहिलं होतं की हे घर फ्रीजशिवाय पंधरा दिवस राहतंय. म्हणजे याला फ्रीज लागत नाही. मग त्याने मर्यादा कमी करून दोन पंखे आणि दोन दिव्यांवर आणली होती. ज्याने काटकसर केली, त्याच्याच वाटणीला कात्री. यात यंत्राचा दोष नव्हता. त्याला आम्ही शिकवलं होतं, एक मीटर म्हणजे एक कुटुंब. शेजार नावाची गोष्ट त्याच्या हिशेबातच नव्हती, कारण ती कुठल्या तारेतून वाहत नाही.

"मग दाब की 'घरगुती'," आत्याबाई म्हणाल्या. "तुझ्याच हातात आहे ना? आणि खोटं कुठंय, घरातच तर आहे सगळं."

बोट खरंच त्या शब्दावर गेलं होतं. एक स्पर्श, आणि पंधरा दिवस कुणी विचारणार नव्हतं. पण त्याच वेळी मला सोमवार आठवला.

सोमवारी तेली गल्लीतल्या एका मीटरवरून असाच संदेश आला होता. सकाळी साडेसात, संध्याकाळी साडेसात. मी दोनदा फोन लावला. उचलला नाही. उन्हात कोण जाणार म्हणून जागेवरूनच 'व्यापारी' दाबलं आणि डबा खायला बसले.

"आत्याबाई, मिहूकडे बघा. मी आलेच."

"अगं, दोन वाजलेत! पदर तरी घे डोक्यावर!"

स्कूटरची सीट तव्यासारखी तापली होती. तेली गल्लीतल्या त्या घराच्या दारावर पाटी होती, वैजयंता बाविस्कर. सरकारी दवाखान्यात आया. दार तिनेच उघडलं. मी कोण ते सांगितलं.

"तुम्ही का त्या!" तिने मला खालून वर पाहिलं. "मला वाटलं तिथं मशीनच आहे. माणूस असेल असं वाटलं नव्हतं."

"ताई, तुमच्या फ्रीजमध्ये..."

"फोन कसा उचलणार मी? वॉर्डात फोन बाहेर ठेवायला लावतात. घरी येऊन पाहते तर फ्रीज कोमट. आत अकरा जणांच्या बाटल्या. मी हातापाया पडायला तुमच्या ऑफिसात आले, तर तिथला म्हणतो, ऑनलाइन करा."

"बाटल्यांचं काय झालं?" मी विचारलं.

तिने मला हाताला धरून मागच्या अंगणात नेलं. तिथं जुना आड होता, वर लोखंडी जाळी. जाळीला बांधलेला दोर तिने सावकाश ओढला. वर आली पितळी कळशी, तिच्यात घट्ट झाकणाचा डबा. डबा तिने माझ्या गालाला लावला.

गार होता.

"पाण्याच्या वर हातभर टांगलाय. माझी आजी लोणी असं ठेवायची," वैजयंता म्हणाली. "आडाला कळलं, तुमच्या मशीनला नाही कळलं."

मी आडाच्या कठड्यावर बसले आणि रडायला लागले. हसतही होते बहुतेक, कारण ती म्हणाली, "अहो मॅडम, ऊन लागलं का काय तुम्हाला? पाणी पिता?" आणि मग माझ्याशेजारी बसून, आवाज उतरवून, "पण पाणी खाली चाललंय. आठवडाभर निभेल. पुढे काय ते तुम्ही बघा."

परत येताना ठरलं होतं. मी 'घरगुती' दाबलं, तर फक्त आमची गल्ली वाचेल. समदर्शी आमच्या उत्तरांवरूनच शिकतं, आणि सोमवारी मी त्याला 'व्यापारी' शिकवून बसले होते. ते पुढच्या अशा घराला पुन्हा चोरच म्हणेल, आणि प्रत्येक घरामागे आड नसतो.

घरी पोचून तीन वाजून पाच मिनिटांनी मी भिरूड साहेबांना फोन लावला, स्पीकरवर. ते कक्षाचे प्रमुख. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, नियमांचे पक्के आणि मनाने मऊ. मी सगळं सांगितलं. माझं घर, डबे, सोमवारची चूक, आड.

"वृंदाताई," ते म्हणाले, "दुसऱ्याचं औषध घरात ठेवणं म्हणजे साठा. आदेशात स्पष्ट आहे. आणि तो तुमच्याच घरात. तुम्हाला कळतंय ना तुम्ही मला काय सांगताय?"

"कळतंय, साहेब."

"नुसतं दाबून टाकायचं होतं. मला सांगितलंत कशाला?" मग स्वतःच पुटपुटले, "नाही, बरं केलंत. बरं केलंत. थांबा जरा."

कागद उलटल्याचा आवाज. त्यांच्याकडे अजून छापील आराखडा होता, खुणा घातलेला. "परिशिष्ट चार. सार्वजनिक शीतसाठा. हे आहे आरोग्य उपकेंद्रांसाठी. पण इथं लिहिलंय, 'किंवा तत्सम जागा'. जबाबदार व्यक्ती एक, आणि लाभार्थ्यांची पूर्ण यादी. नाव, वय, मात्रा, वेळ. मुंबईचा ड्युटी अधिकारी मंजूर करेल तरच. यादी आहे?"

"आहे," आत्याबाई मागून ओरडल्या.

"कुठंय?" मी विचारलं.

"डोक्यात. लिही तू."

आमच्या गल्लीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं आत्याबाईच करतात. एकही दार चुकवायचं नाही, आणि क्रमही मोडायचा नाही. चुकलं तर पुढच्या संक्रांतीपर्यंत अबोला. डोळे मिटून त्या मनातल्या मनात गल्लीच्या पहिल्या दारापासून निघाल्या.

"कोपऱ्यावरचे नेमाडे काका. बहात्तर. सकाळी चौदा, संध्याकाळी दहा, लाल दोरा. त्यांच्या समोर फालकांची सून, तिला दिवस गेलेत, तीनदा घेते, सहा-सहा-आठ. हिरवा. मग लोढांकडे दोघं नवरा-बायको, दोरे एकाच रंगाचे, पण डबे वेगळे हां, ते नीट लिही..."

मी टाइप करत होते आणि मागे पडत होते. मिहू उठून माझ्या पाठीवर लोंबकळत होती. "आजी, शेख आजोबा राहिले! निळा दोरा!"

"तुलापण माहितीये?" मी मान वळवून विचारलं.

"मीच तर देते डबे," ती म्हणाली. "आजी म्हणाली, आईला सांगू नको, ती आधीच दमते."

यादीत एक रकाना होता, 'मीटरधारकाशी नातं'. फोनवर भिरूड साहेब म्हणाले, "तो मोकळा सोडता येत नाही. काय पर्याय देतंय?"

"पती, पत्नी, अपत्य, आई, वडील, इतर."

"शेजारी लिही," आत्याबाई म्हणाल्या.

"नाही घेत."

"कसलं मेलं यंत्र! बायको घेतं आणि शेजारी घेत नाही! अर्ध्या आजारपणात बायकोच्या आधी शेजारीच धावतो."

तेवीस वेळा 'इतर' निवडलं. जबाबदार व्यक्ती म्हणून आत्याबाईंचं नाव, सिंधूबाई चौधरी, वय अडुसष्ट. तेली गल्लीची यादी वैजयंताने फोनवर सांगितली, तीही जोडली. तीन वाजून एकेचाळीस मिनिटांनी पाठवलं आणि आम्ही तिघी फ्रीजसमोर फरशीवर बसलो. आत्याबाईंनी डब्यांभोवती ओली फडकी गुंडाळून ठेवली, न जाणो. वीज गेलीच तर म्हणून मी मनातल्या मनात आमच्या फ्रीजपासून वैजयंताच्या आडापर्यंतचं अंतर मोजत होते. मिहूला वाटलं खेळ आहे. ती पाय पसरून मध्ये बसली.

तीन पंचावन्न. तीन सत्तावन्न.

फोन वाजला. मुंबईची अधिकारी बाई होती, आवाजावरून माझ्याच वयाची. मागे कुठंतरी लहान बाळ रडत होतं.

"मॅडम, ही 'तत्सम जागा' म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरातला फ्रीज आहे, असं मी समजू?"

"हो."

"आणि तपासनीसही तुम्हीच?"

"हो."

"तुमच्यावर कारवाई होईल, हे माहितीये?"

"हो."

तिने काहीतरी टाइप केलं. मग म्हणाली, "एक सांगा, त्या गल्लीतले बाकीचे फ्रीज बंद करायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही. त्यांना वाटलं, उगाच वीज कशाला जाळायची."

"अकरा फ्रीज," ती हळू म्हणाली. "आमच्याकडे दिसतायत ते. एकाच आठवड्यात गप्प झालेले. आम्ही इथं चर्चा करत होतो, माणसं गाव सोडून गेली की काय." आणि मग, "बहात्तर तासांची तात्पुरती मंजुरी देते. दोन्ही गल्ल्यांना. तोवर वर विचारते."

चार वाजले. चार वाजून एक मिनिट झालं. मी दार किलकिलं केलं, फ्रीजमधला दिवा लागला.

आत्याबाईंनी दार लावलं, कंबरेवर हात ठेवून उठल्या आणि म्हणाल्या, "चहा टाकते. साखर कमी घालू का, आता एवढे मधुमेही पाहिल्यावर?"

बहात्तर तासांची मंजुरी पुढे महिन्याची झाली. नवव्या दिवशी परिपत्रक आलं. समदर्शीत एक नवा प्रकार आला, 'शेजारसाठा'. एका गल्लीतले फ्रीज एकामागून एक गप्प होत असतील आणि एकाचं दार वाजू लागलं असेल, तर त्याला आता संशय घ्यायचा नाही, आधी माणूस पाठवायचा, असं शिकवलं आहे. काटकसर करणाऱ्याची मर्यादा कापायची नाही, हेही. राज्यात अशी चारशेहून जास्त घरं निघाली. तपासनीस पोचायच्या आत बहुतेकांनी औषध गार ठेवायला काही ना काही केलेलं होतं. आड, विहीर, बर्फाच्या कारखान्याचा पहारेकरी. सगळीच वाचली असं म्हणवत नाही, पण आमच्या तालुक्यातली वाचली.

मला लेखी समज मिळाली आणि तपासणीचं काम काढून घेतलं. आता मी दारोदार फिरून शेजारसाठ्यांच्या याद्या करते. सातऐवजी नऊला निघते. सकाळच्या साडेसातला मी घरी असते, आणि गल्ली उजळ माथ्याने दाराशी येते. नेमाडे काका रोज विचारतात, "काय सूनबाई, थंड काय आहे आज?" आणि स्वतःच हसतात.

काल संध्याकाळी गार्गी आली. मिहूने पिवळा दोरा ओळखून डबा काढला, दोन्ही हातांनी तिला दिला. गार्गीने पोटाची चिमूट धरून सुई टोचून घेतली, एकदाही तोंड वाकडं न करता, आणि डबा परत देऊन पळाली. बाहेरचं दार लावल्यावर मिहू फ्रीजसमोर तशीच उभी राहिली.

"आई, आपण ज्यांच्याशी लढतोय ना, तिकडे पण गार्गीएवढी मुलं असतील?"

"असतील."

"त्यांना पण टोचायचं असेल?"

"काहींना असेल, राणी."

तिने फडक्याची घडी नीट केली, खण ढकलून बंद केला.

"मग त्यांचे डबे कुणाच्या फ्रीजमध्ये ठेवलेत?"